डॉक्टरची बिनधुराची गाडी

१३ ऑक्टोबर २००७, शनिवार

उद्या आमच्या पल्लवीला बघायला येणार आहेत. मुलगा डॉक्टर, गंगापूर रोडला रक्त-लघवी तपासण्याची स्वतःची लॅब. सगळं चांगलं. पण मुलगा बॅटरीवर चालणारी गाडी वापरतो! कारभारीभाऊंनी हे अगदी शेवटी सांगितलं, चपला घालता घालता. म्हणजे त्यांनाही खटकलं असणार.

"पोरगं लय गुणाचं हाय. तेवढं एक सोडा."

कारभारीभाऊ माझे विंचूरचे चुलतभाऊ. भावकीतली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवली, त्यांना नाही म्हणता येत नाही. पण साडेतीन लाख मोजून जो माणूस दोन दारांचं खेळणं घेतो, त्याच्या डोक्याची शंका येणारच. तेवढ्यात चार दारांची पेट्रोलची गाडी येते आणि वर टाकी भरून मिळते.

१४ ऑक्टोबर, रविवार

येऊन गेले. मुलाचं नाव अमोल. गाडी दारात येऊन थांबली तरी कळलं नाही, एवढी बिनआवाजाची. असं गुपचूप येणारं काही मला आवडत नाही. मागच्या सीटवरून त्याचे आईवडील उतरले ते गुडघे चोळतच.

मुलीला काय विचारायचं ते बायकांनी विचारलं. मी गाडीकडे वळलो. द्वारका चौकात सत्तावीस वर्षं बॅटरीचं दुकान चालवतोय, माझ्यापुढे कुणी बॅटरीच्या गप्पा मारू नयेत. आठ बॅटऱ्या, सीटखाली. तीन वर्षांत आठही बदलायच्या. एका चार्जिंगला ऐंशी किलोमीटर म्हणे — मी साठ धरतो, चढ लागला तर पन्नास. म्हणजे हा विंचूरला सासुरवाडीच्या लग्नाला गेला तर रात्रभर आमच्या भावकीच्या विजेवर गाडी लावून बसणार. आणि तिथे वीज असते कधी?

"पण धूर नाही काका," म्हणाला.

"धूर आहे की. तुमच्या गाडीचा धूर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. कोळसा तिथे जळतो, तुम्ही इथे मिरवता."

मला वाटलं वाद घालेल. तर हसून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." समोरचा लगेच कबूल झाला की मी सावध होतो. गिऱ्हाईक घासाघीस न करता बॅटरी उचलतं तेव्हा चेक वटत नाही, हा अनुभव आहे.

मग त्याने विचारलं, "जुन्या बॅटऱ्यांचं काय करता तुम्ही?"

"कंपनीला परत," मी म्हणालो. हे खरं नाही. पण बघायला आलेल्या मुलाला धंद्यातलं सगळं सांगायचं नसतं.

१६ ऑक्टोबर

त्यांच्याकडून होकार. पल्लवीचाही होकार. दोन दिवसांत? एवढी कसली घाई?

२१ ऑक्टोबर, दसरा

दुकानाची पूजा केली. आरती चालू असतानाच लाईट गेली, इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला. खरं सांगायचं तर लोडशेडिंग वाढल्यापासून माझं बरं चाललंय. जो येतो तो नवी बॅटरी नेतो आणि जुनी ठेवून जातो.

जुन्या बॅटऱ्या वाळू नावाचा भंगारवाला नेतो. वाळूची भट्टी गावाबाहेर, नाल्याकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये. तो फोडतो, आतलं शिसं वितळवतो, त्याच्या विटा करतो. त्यातल्या चार-दोन मी घेतो आणि शनिवारी मागच्या परसात कढईत वितळवून बॅटरीची टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची टोकं, ओततो. ज्यांच्या हाताखाली धंदा शिकलो त्या उस्तादांनी शिकवलेलं काम आहे, बाहेरून आणलेलं टर्मिनल मला पटत नाही. शिसं वितळलं की दुधासारखी वर साय धरते. पल्लवी लहान असताना शेजारी बसून सांडलेले थेंब गोळा करायची, त्यांनीच खेळायची.

घर दुकानाच्या मागेच असल्याचा हा फायदा. काम आणि पोर दोन्हींवर लक्ष राहायचं.

२८ ऑक्टोबर, रविवार

मुलाची चौकशी करून आलो. मुलीच्या बापाने हे करायचंच असतं, त्यात लाजायचं काही नाही. लॅबसमोर चहाच्या टपरीवर दीड तास बसलो, चार चहा झाले. गाडी खाली उभी, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडलेली. टपरीवाला म्हणाला डॉक्टर भला माणूस, गरिबाकडून पैसे घेत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, लफडं नाही.

गाडी सोडली तर दोषच नाही. असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं!

वाळू माल न्यायला आला होता. सहज म्हणाला, "शेठ, तुमचे ते होणारे जावई आले होते ना भट्टीवर. बिनआवाजाची गाडी घेऊन. खालची राख कागदात बांधून नेली. माझ्या पोरांची वयं विचारली."

मी म्हटलं, तू काय सांगितलंस? "खरं तेच. माल तुमच्याकडून येतो म्हणून."

आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर हा प्रदूषणवाल्यांकडे तक्रार करणार. नाहीतर स्वतःच या धंद्यात उतरणार. डॉक्टर लोकांकडे पैसा असतो, लॅबमध्ये कंटाळला असेल. दोन्हींत पल्लवी निमित्तमात्र.

बायकोला, मंगलाला म्हटलं, "हा मुलगी बघायला आला होता की गोदाम?" ती लाडूंसाठी रवा भाजत होती. म्हणाली, "तुम्ही जावयाची चौकशी करताय की चोराची?" तिला माणसं कळत नाहीत. कुणी गोड बोललं की झालं.

१२ नोव्हेंबर, सोमवार

फार वाईट झालं. झालं ते लिहून ठेवतो.

अमोल फराळाला आला, एकटाच. हात धुवायला परसात गेला आणि तिथेच उभा राहिला. मंगलाची कोथिंबीर बघत होता. बॅटरीचे रिकामे काळे डबे, त्यात माती भरून ती वीस-बावीस वर्षं कोथिंबीर, मेथी, मिरच्या लावते. कुजत नाहीत, फुटत नाहीत. मी म्हटलं, बघा, आमच्याकडे काही वाया जात नाही, तुमचं पर्यावरण आणखी काय वेगळं असतं?

तो म्हणाला, "ही कोथिंबीर रोज खाता?"

"रोज. बाजारातून आणतच नाही."

मग मीही सरळ विचारलं, वाळूकडे का गेला होता? तो लपवायला लागला नाही. म्हणाला, त्याच्या गाडीच्या पहिल्या आठ बॅटऱ्या गेल्या वर्षी बदलल्या. नंतर लॅबमध्ये दुसऱ्या डॉक्टरकडून वाळूच्या धाकट्याचं रक्त आलं. पोरगं जेवत नव्हतं, पोट धरून बसायचं. मुंबईला पाठवलेल्या रक्तात शिसं निघालं. मग आपल्या बॅटऱ्या कुठे गेल्या हे तो शोधत गेला आणि पोचला त्याच भट्टीवर.

मी त्याला आत नेऊन फराळाच्या ताटावर बसवलं. तर म्हणतो, "काका, पल्लवीचं रक्त तपासू या. तुमचं आणि काकूंचंही."

माझा तोल गेला. लग्नाआधी मुलीचं रक्त मागतो! आमच्या घराण्यात कुणी मुलीकडे जन्मपत्रिकेपलीकडे काही मागितलं नाही. आणि शिसं मला शिकवतो. सत्तावीस वर्षं हातात आहे माझ्या, मेलो का मी? लग्न मोडायचं असेल तर तोंडाने सांग, मुलीत खोट कशाला काढतोस? असं बरंच बोललो. मंगला मध्ये पडली, तिलाही बोललो. तो ताटावरून उठला. चकली अर्धी तशीच राहिली.

गाडी गेली तीही आवाज न करता.

१३ नोव्हेंबर

कारभारीभाऊंचा फोन. "मंग नाय म्हणून कळवू का त्यांना?"

कळवा म्हटलं.

१६ नोव्हेंबर

पल्लवी माझ्याशी बोलत नाही. पोट दुखतंय म्हणून आज शाळेत शिकवायलाही गेली नाही. हे तिचं कॉलेजपासून आहे, पोट आणि डोकं. आमचे नेहमीचे डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. सगळे म्हणतात सासरी गेली की बरी होईल. आता कुठलं सासर.

मला वाईट वाटतं. पण अपमान अपमानच असतो.

२० नोव्हेंबर

पल्लवी स्वतः अमोलच्या लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आली. आणि मंगलाही! दोघी रिक्षाने गेल्या, मला पत्ता नाही. मंगलाने जेवण वाढून झाल्यावर सांगितलं, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दहा शंका काढल्या असत्या. म्हणून विचारलं नाही."

२१ नोव्हेंबर

लॅब त्याची, कागद त्याचा, शिक्का त्याचा. हवं ते लिहील. मला कुणी वेडा समजू नये.

१ डिसेंबर, शनिवार

अमोल आला. गाडी आणली नव्हती, रिक्षाने आला. रिपोर्ट मुंबईच्या लॅबचे होते, त्याची मशिनं हे तपासत नाहीत म्हणाला. रक्तातलं शिसं दहाच्या आत हवं. पल्लवीचं एकतीस. मंगलाचं अडतीस.

मी शिक्का बघितला. कागद उजेडात धरून बघितला. मग दुकानात जाऊन मुंबईच्या नंबरवर फोन लावला आणि पल्लवीचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईने तोच आकडा वाचला. मंगलाचंही वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं. ती वैतागली.

परत आलो तर अमोल तिथेच बसला होता, वाट बघत. मी कुठे गेलो होतो ते त्याला कळलं असणार. मी विचारलं, गाडी विकली का? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"नाही काका. घेतली तेव्हा वाटलं होतं आपण कुणाला त्रास देत नाही. आता रोज चावी हातात घेतो आणि ठेवतो. माझ्या आठही बॅटऱ्या ज्या मेकॅनिकने बदलल्या, त्याने त्या तुमच्याच दुकानात दिल्या होत्या. मी विचारून आलो. यात मीही आहे."

मला त्याच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

पल्लवीचं बरं होईल म्हणाला. हे घर सोडायचं, परसातलं काम बंद, त्या डब्यांतलं काही खायचं नाही, औषध चालू करायचं. आकडा हळूहळू उतरतो. कारभारीभाऊंनी कळवलेला आमचा नकार त्याने धरलाच नव्हता. "आधी रक्त खाली येऊ दे, मग तारीख काढू." पल्लवी आत स्वयंपाकघरात होती, तिने हे ऐकलं. बऱ्याच दिवसांनी तिने मला चहा आणून दिला.

मग त्याने मंगलाला काही विचारलं. किती वर्षं या घरात, कपडे कोण धुतं. कामाचे माझे कपडे तीच धुते, हातानेच. बाळंतपणं किती, असं विचारलं. ती म्हणाली, एक. मग म्हणाली, "राहिली ती एक. पल्लवीनंतर तीन गेली. पोटातच."

मी पाणी प्यायला उठलो.

माझंही रक्त घेतलं. बाही मी स्वतः वर केली.

२ डिसेंबर

डब्यांतलं सगळं उपटलं. कढई बाहेर काढली. पण माती टाकायची कुठे? पोत्यात भरून ठेवली आहे, चार पोती. पालिकेच्या गाडीत टाकली तर कुणाच्या तरी दारात जाणार. वाळूला द्यायची तर त्याचीही पोरं आहेत. अमोलला विचारलं, त्यालाही माहीत नाही. एवढी बिनधुराची गाडी शोधून काढली लोकांनी, या चार पोत्यांचं काही शोधलं नाही.

३ डिसेंबर

वाळूकडे जाऊन आलो. आता माल देणार नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही नाय दिला तर दुसरा देईल शेठ. मी काय खाऊ?" त्याचा धाकटा शेडच्या दाराशी बसला होता. त्याला औषधासाठी अमोलकडे घेऊन ये, पैसे मी देतो म्हटलं. वाळूने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी तरी वेगळं काय केलं असतं?

६ डिसेंबर

त्या तीन पोरांसाठी मंगलाला सगळ्यांनी बोल लावला होता. आईने लावला, भावकीने लावला. मीही लावला, एकदा नाही, बऱ्याचदा. उपास केले तिने, कुठे कुठे जाऊन आली. वीस वर्षं गप्प राहिली.

आज भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "ती तिघं यानेच गेली का हो?"

मी दुकानात जाऊन अमोलला फोन केला. तो म्हणाला, असू शकतं, पण आता नक्की सांगता येणार नाही.

मी घरात आलो. तिला सांगितलं — हो, यानेच. माझ्यामुळे.