दोघांत एक डाइव्ह कॉम्प्युटर

शनिवार, संध्याकाळ. डोंबिवली.

बॅगा भरून झाल्या. शीळफाट्याला गर्दी व्हायच्या आत, पहाटेच मालवणला निघायचं. तरी मन लागत नाहीये.

चहा देताना निखिलला म्हटलं, "आपल्याला दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर हवाय रे."

नवरा हसला. "अगं, वर्षातून दोनदा पाण्यात उतरणारी माणसं आपण. माझ्या मनगटावर आहे ना एक! आपण बरोबरच असतो."

तेच तर. सोळा वर्षं आमच्याकडे सगळं दोघांत एकच. एक छत्री, एक चार्जर. तसंच किती खोल आहोत, अजून किती वेळ थांबता येईल, हे सांगणारं ते यंत्रही.

मागच्या खेपेला मी ऑक्टोपस बघायला निखिलच्या बरीच खाली उतरले, रमले. त्याने वरून मनगट बघून खूण केली, अजून वेळ आहे. वेळ त्याला होता; जितकं खोल, तितका वेळ कमी. माझी खोली त्याच्या मनगटाला कशी कळणार? काही झालं नाही, म्हणून बोलले नाही. की तो पुन्हा उतरू देणार नाही, म्हणून?

आज सांगून टाकलं. त्याचं हसू गेलं. कॉम्प्युटर काढून माझ्या मनगटावर बांधला. "या वेळी तू घाल."

लिहिताना कॉम्प्युटर माझ्याच हातावर आहे. आणि डोळ्यांसमोर निखिल खाली, मी वर. मी खुणेने सांगतेय, वेळ आहे.

नाही. आत्ताच जाऊन त्याला सांगते. मालवणात दुसरा भाड्याने मिळाला तरच उतरायचं, नाहीतर दोघांनी किनाऱ्यावर बसायचं.