बाथरूमच्या वाकड्या टाइल्स

४ फेब्रुवारी
टाइल्स वाकड्या! बाथरूमची भिंत नवी कोरी, आणि मधल्या ओळी लाटांसारख्या. गवंड्याने ओळंबा धरून दाखवला — "काकू, ओळंबा काय खोटं बोलतो का?" म्हटलं, जन्म गेला शिवणयंत्रावर, सरळ काय असतं ते मला शिकवू नकोस! उखड सगळं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मला तर सरळ दिसतंय." यांना काय, घर कलंडलं तरी सरळच दिसेल.

६ फेब्रुवारी
तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून बघते तर भिंत सरळ! मग डावा मिटला — परत लाटा, आणि मधोमध एक मळका डाग. गवंडी छिन्नी घेऊन दारात उभा. म्हटलं, राहू दे रे बाबा, भिंत बरी आहे. मीच बिघडलेय.
वरच्या मजल्यावर राहणारी माझी थोरली बहीण, ताई, आली. "साठी उलटल्यावर व्हायचंच. चष्मा बदल."

९ फेब्रुवारी
मोतीबिंदू नाही. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून दाखवला. ज्याने सुईचं नेढं दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसतो, तो पडद्याचा मधला भाग वयाने खराब होतोय. तिथे नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्यात, त्या पाझरतायत. "कडेचं दिसत राहील. पण मधलं वाचवायचं तर थांबू नका." इंजेक्शन — डोळ्यात! तेही दर महिन्याला.
घरात कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. आई आठवली. शेवटी शेवटी आमच्या कानाकडे बघून बोलायची. ताईला आणि मला वाटायचं, रुसलीय.
घरी येऊन खूप रडले. शिवण सुटलं तर मी करू काय?

१३ फेब्रुवारी
झालं इंजेक्शन. थेंब घालून डोळा बधिर करतात, जरासं दडपल्यासारखं वाटलं, बस. मी उगाच यांचा हात पिरगाळला. बिचारे अजून चोळतायत.

२ मार्च
रोज एकेक डोळा झाकून बघायला डॉक्टरीणबाई चौकटींचा कागद देत होत्या. म्हटलं, माझ्याकडे अख्खी भिंत आहे! हसल्या. तरी कागद दिलाच.

१८ एप्रिल
तिसरं इंजेक्शन होऊन गेलं. लाटा ओसरल्यात. एका ओळीला जरा बाक आहे, तो राहीलही म्हणाल्या. राहू दे! आज नुसत्या उजव्या डोळ्याने सुई ओवली. बरीच खटपट केली, पण ओवली! हे टाळ्या वाजवायला लागले. वेडे कुठले.

२० एप्रिल
ताई चहाला आली. "दाखव बघू तुझी ती भिंत!" हसत हसत एक डोळा झाकला, मग दुसरा. मग परत पहिला.
"त्या गवंड्याला बोलाव गं," म्हणाली. "मधल्या दोन ओळी वाकड्याच बसवल्यात मेल्याने."
मी कप खाली ठेवला. म्हटलं, ताई, चप्पल घाल.