शनिवारचा दुधीचा पिझ्झा

जळगाव,
शनिवार दुपार

प्रिय रुची,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. ठेव. फक्त फाडू नकोस. घरात आपण मारवाडी बोलत असलो तरी माझी शाळा मराठी, त्यामुळे मनातलं लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं. फोन केला असता, पण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला माझाच हेका सुरू करते आणि समोरच्याला बोलू देत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? कागदावर निदान माझं मलाच ऐकावं लागतं.

आत्ता दुधी किसून, मीठ लावून, तुझ्या मलमलच्या फडक्यात बांधून सिंकवरच्या नळाला टांगला आहे. पाणी निथळतंय. घाई केली की पिझ्झ्याची पोळी मोडते, असं तू म्हणायचीस, म्हणून तेवढ्या वेळात टेबलाशी बसून लिहिते आहे. परवापासून पर्युषण लागेल, मग आठ दिवस घरात हिरवी भाजी यायची नाही, तेव्हा आजच उरकते. हो, मीच करते. मैदा नसेल तर त्याला पिझ्झा कशाला म्हणायचं, थालीपीठ म्हण आणि मोकळी हो, असं ज्या बाईनं तुला पहिल्या दिवशी ऐकवलं, तीच बाई तीन वर्षं दर शनिवारी हा पिझ्झा करते आहे.  साडेपाचला ताट वाढलं की तुझे सासरे दोन तुकडे खातात, पाणी पितात आणि दिवस मावळायच्या आत उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही न घ्यायचा नेम, चोविहाराचं पच्चक्खाण, घेऊन उठतात. उरलेले तुकडे भांडी घासून झाल्यावर वच्छलाबाई घरी नेते. चांगला होतो म्हणते. तुझ्यासारखा होत नाही, हे माझं मला कळतं.

गेल्या रविवारी तुझी भाभी रिद्धी आपल्या जैन स्थानकात भेटली. धुळ्याहून कोणाच्या तरी महिन्याच्या उपासाच्या पारण्याला आली होती. मी तुझं विचारलं, आणि तिनं जे सांगितलं ते आठवडाभर माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. साक्रीचं स्थळ आलंय म्हणे. त्यांचं औषधांचं दुकान आहे, बायको जाऊन दोन वर्षं झाली, माणूस सज्जन आहे, दोनदा घरी येऊन गेला. तुलाही तो वाईट वाटला नव्हता. तरी तू नाही म्हणालीस. भावानं कारण विचारलं तर सांगितलंस की माझ्या हाताला गुण नाही, माझ्या हातानं एक घर बुडालं, दुसरं बुडवायचं नाही. भावाच्या घरी तू स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीस, साधा चहासुद्धा करत नाहीस, हेही तिनं सांगितलं. बिचारी तुझी तक्रार करत होती. ते वाक्य मुळात कोणाचं आहे, हे तिला माहीत नव्हतं. अखिलच्या उठावण्याला, शोक करायला जमलेल्या साठ बायकांसमोर, मीच ते बोलले होते. “हिच्या हाताला गुण नाही. माझ्या भरल्या घरातला मुलगा हिनं उपाशी ठेवून मारला.” तू तेव्हा भिंतीला टेकून बसली होतीस. मान वर केली नाहीस. मला वाटलं, ऐकलं नसेल.

डॉक्टरांनी अखिलला बारा किलो उतरवायला सांगितलं, त्याच संध्याकाळी तू मोबाइलवर बघून फुलकोबी घेऊन आलीस. तिचा कीस करायचा, त्याचा बेस करायचा, कॅलरी निम्म्याहून कमी, असं उत्साहानं सांगत होतीस. मी पिशवी दारातच अडवली. कोबीच्या फुलात किडे असतात, चातुर्मासाचं सोड, एरवीही ती आपल्या चुलीवर चढलेली नाही, हे पाहुण्यांसमोर सुनावलं. तू पिशवी वच्छलाबाईला दिलीस आणि दुसऱ्या दिवशी रावेरची कच्ची केळी उकडायला ठेवलीस. चव बरी आली, पण तूच म्हणालीस की यात कमी काय झालं? मग लाल भोपळ्याचं गंगाफळ आणलंस, तो बेस गोड लागला. गिलक्याचा नुसता लगदा झाला. शेवटी दुधीवर येऊन थांबलीस. अंडं आपल्याला चालत नाही, म्हणून पोळी धरून ठेवायला जवस भिजवलंस, आपल्याच मिलमधली मुगाची डाळ वाटून घातलीस, चीजच्या जागी घरचं पनीर किसलंस. शनिवारी हिरवी भाजी न चालणारी आठम नाहीतर चौदस आली की शुक्रवारीच उरकायचीस. मी सोफ्यावरून बघायची आणि मनात म्हणायची, बघू किती दिवस टिकतंय हे. मला सगळ्यात जास्त काय झोंबायचं, सांगू? तो खायचा. नाक न मुरडता खायचा आणि वर मला म्हणायचा, मम्मी, तूपण एक तुकडा घे. छत्तीस वर्षं ज्याला मी भरवलं, तो माझ्या हातचं ताट ‘आज नको’ म्हणून बाजूला सारायला लागला होता. मला तुझा राग येत होता, रुची. सरळ लिहिते, मत्सर वाटत होता.

पिझ्झ्याआधी तू त्याला वजनकाट्यावर उभं करायचीस आणि आकडा कॅलेंडरवर त्या शनिवारच्या चौकोनात लिहायचीस. ते कॅलेंडर मी टाकलं नाही. माझ्या साड्यांच्या कपाटात आहे. एकशेचार पूर्णांक सहा, एकशेचार पूर्णांक दोन, मग सात, मग पाच. अकरा शनिवार आकडा तिथल्या तिथे घुटमळत राहिला. तू पोळी आणखी पातळ केलीस, पनीर अर्धं केलंस, दुधी पिळून पिळून तुझे तळवे लाल झाले. तेच खाऊन तू स्वतः काडी झालीस आणि तो होता तसाच. एकदा ओट्याशी उभी राहून तू मला विचारलंस, मम्मीजी, माझं काय चुकतंय? मी म्हटलं, तुमच्या कॅलरीतलं मला काय कळतंय. मला कळत होतं.

थांब, पाणी निथळलं असेल.

आले. पोळी थापून ओव्हनमध्ये ठेवली. पंधरा मिनिटांनी उलटायची आहे. या पंधरा मिनिटांचं तुला सांगायचं होतं, कारण इथे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. तो वजनकाटा अजून बेसिनखालीच आहे. फरशी पुसताना वच्छलाबाईचं फडकं लागलं की उजळायचा, शून्य दाखवायचा आणि विझायचा. त्याचं काही नाही. पण गेल्या वर्षापासून शनिवारी, पोळी आत भाजत असताना, जवळपास कोणी नसताना तो उजळायला लागला. तुझे सासरे म्हणाले, सेल जुना झाला असेल. मी सेल काढून टाकला. आता उजळत नाही. पण मला पावलं ऐकू येतात. अखिलचीच, जड, चपला घासत येणारी. बेसिनपाशी येऊन ती थांबतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसंच असेल. मी हाक मारत नाही, वळूनही बघत नाही. तो काट्यावर उभा आहे आणि आकडा कोणीतरी वाचावा म्हणून थांबलाय, असं वाटत राहतं. पोटच्या पोराची कसली भीती? तो मला काही विचारेल, याची भीती वाटते. आत्ताही तिकडे पाठ करूनच बसले आहे.

त्या अकरा आठवड्यांत वच्छलाबाई रोज दुपारी मेहरूणला घरी जाताना वाटेत आपल्या मिलवर थांबायची. तिच्या पिशवीत मी भरलेला डबा असायचा. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वरण, कधी मुगाच्या डाळीचा शिरा. अखिल आधी तू दिलेला डबा संपवायचा आणि मग माझा. आईचं मन मोडवत नाही, म्हणायचा. रुचीला कळता कामा नये, हे मी दोघांनाही बजावलं होतं. एकदा डबा हातात घेऊन वच्छलाबाई दारातच उभी राहिली. “अक्का, हाई बरं नही शे,” म्हणाली. “ती पोर आकडा देखीसन रडस.” मी म्हटलं, तुझं काम भांड्यांचं, तेवढं बघ. जिला लिहिता-वाचता येत नाही तिला आकड्याचं कळलं होतं, आणि मी रोज सामायिकाच्या ध्यानाला बसणारी बाई, डब्याला झाकण लावून निवांत जेवायला बसत होते.

बाराव्या आठवड्यात, सोमवारी, डबा न उघडता परत आला. आता पाठवू नकोस, मला खरंच उतरवायचंय, असा निरोप त्यानं वच्छलाबाईबरोबर दिला होता. मंगळवारचाही परत आला. सहाही दिवस डबे गेले तसे परत आले, आणि त्या शनिवारी काट्यावर एकशेदोन पूर्णांक तीन आले. तू तो आकडा दोनदा गिरवलास. माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, मम्मीजी, पोळी जमली. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला.  सोमवारी मी सहा बट्ट्या भरल्या, वर तूप ओतलं आणि निरोप पाठवला की हा डबा परत आला तर मी अन्नपाणी सोडीन, पच्चक्खाण घेऊनच बसले आहे. आठ-आठ दिवसांच्या उपासाच्या तीन अठाया केलेली त्याची आई. ती नुसतं बोलत नाही, हे त्याला माहीत होतं. दीड वाजता त्याचा फोन आला. “मम्मी, खातो. तू जेव.” एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवला. मी जेवले. चार वाजता तो मिलमध्ये छातीला हात लावून पोत्यावर बसला, आणि पुढचं तुला माहीत आहे. एका डब्यानं कोणी मरत नाही, नस आधीपासूनच बंद होत आली होती, असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल. पण तो उपाशी गेला नाही, रुची. माझ्या हातचं पोटभर जेवून गेला. वच्छलाबाईनं रिकामा डबा गुपचूप आणून दिला होता. उठावण्याच्या दिवशी तो सिंकखाली तसाच तुपकट पडला होता, आणि बायका तिकडे बघतील या धास्तीनं मी सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे वळवली.

क्षमा मागायच्या तीन संवत्सऱ्या झाल्या. दरवेळी मी तुलाही मोबाइलवर तोच फुलाचा फोटो पाठवला, दोनशे जणांना पाठवते तोच, खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’ छापलेला. तू दरवेळी हात जोडलेस. या वर्षी फोटो पाठवायचा नाही, असं रिद्धीला भेटले त्याच दिवशी ठरवलं, म्हणून हे पत्र. काल तुझ्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते उठून मिलवर गेले. संवत्सरीला स्थानकात त्याच बायकांसमोर उभी राहून सांगणार आहे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही अशी बाई मी, ऐन वेळी जीभ लुळी पडेलही. म्हणून आधी तुझ्या हातात हे लिहून देते आहे, म्हणजे मला मागे फिरता यायचं नाही. भावाला वाचायला दे. साक्रीच्या त्या माणसालाही दे. तुझ्या हातांनी जे उतरवलं ते मी भरून काढत होते, म्हणून अकरा आठवडे आकडा हलत नव्हता. तुझं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ केलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही, धुळ्याला येऊन तुझ्या दारात रडणारही नाही. साक्रीला नकारच द्यायचा असेल तर खुशाल दे. पण त्याचं कारण तुझं असू दे, माझं नको.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क मी त्या दिवशीच गमावला, तरी तुझीच,
राजकुंवर