इंजिनाखालची गादी

भोकरदन
माघ वद्य ५, शके १८६७ (सन १९४६)

चिरंजीव राधाकिसन यास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे जितेजागते आहोत. तू नगरच्या लष्करी मोटारखान्यात दिवसभर लोखंडाशी झगडत आसशील, पण भाकरी येळेवर खात जा.

तुझे दाजी जाऊन चार महिने झाले. लारी म्हस्कू डायव्हर चालवीत होता. पौषात कापूस घेऊन जालन्याला निघाला तर वाटंतच इंजिनाचा बिडाचा ठोकळा उभा तडकला. म्हस्कू म्हणतो, बिडाला टाका बसत न्हाई, ही लारी आता कोंबड्यांचं खुराडं करायच्या कामाची.

रामरावभाऊजी दुसऱ्याच दिवशी केदारखेड्याहून आले. लारी भंगारात द्या, परवाना त्यांच्या नावावर करा, मंग ते नवी मोटार घेतील आणि मला वर्षाला दोन लुगडी देतील, आसं म्हणून राह्यले. मी म्हणलं, लुगडी माझ्याकडं हायेत. जालन्याच्या मोटार कचेरीत मी सोता जाऊन आले. साहेबानं सांगितलं, परवाना वारसाला मिळंल, पण वैशाखी पुनवेच्या आत लारी आपल्या इंजिनावर कचेरीच्या दारात आली पाहिजे. बैलांनी ओढून आणलेली चालणार न्हाई. न्हाई आली तर परवाना रद्द.

किसन, बारा वर्षं ह्या लारीच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. अक्षर दाजींनी शिकवलं ते त्याच्यासाठीच. कोणाची बाळंतीण कवा न्ह्यायची, कोणाच्या गासड्या कुठं उतरायच्या, हे मला पाठ हाय. पदरी लेकरू न्हाई म्हणून काय मी कोपऱ्यात बसून वाती वळू? मला बिलकुल बसायचं न्हाई. लढाई सरली, तुमच्याकडं इंजिनं ढिगानं लिलावात निघत्यात म्हणे. मला एक पाहा. पाटल्या मोडल्यात, तेव्हा खर्च्याची चिंता करू नको.

लोभ हायेच, इंजिन धाडलंस तर वाढंल.
तुझी आक्का, झुंबरबाई


अहमदनगर
ता. ४ मार्च १९४६

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी राधाकिसनचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून वेडी झालीस का असं लिहिणार होतो. पण लहानपणापासून तुला तसं म्हटलं की तेच काम तू आधी करतेस, म्हणून गप बसलो आणि लिलावात गेलो.

सहा पिस्टनांचं इंजिन मिळालं. ते ज्या लष्करी लारीचं होतं ती फार चालायच्या आतच दरीत गेली, म्हणून आतून कोरं आहे. मनमाडवरून रेल्वेनं जालन्याला येईल. हद्दीवरच्या करोडगिरी नाक्याचे, म्हणजे जकातीचे, कागद खोक्यातच खिळले आहेत, ते हरवू नका.

आता नीट ऐक, कारण मला रजा नाही आणि हे सगळं तुला माझ्या पत्रावर करायचं आहे. इंजिन म्हणजे गाडीवर टाकलेलं पोतं नव्हे. ते तीन पायांवर उभं राहतं, एक पाया पुढे, दोन मागे. तुझं जुनं इंजिन चार पिस्टनांचं, हे एक वीतभर लांब. म्हणून जुने पाये जुळणार नाहीत. कचरू लोहाराकडून अर्ध्या इंची पट्टीचे नवे करून घे. पण आधी इंजिन जागेवर टांगायचं, त्याच्या मागच्या टोकापासून मागच्या धुऱ्यापर्यंत सुतळी ताणून सरळ आहे का बघायचं, मग पायांची भोकं पाडायची. जो आधी भोकं पाडतो तो नंतर कपाळ बडवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक पायाखाली गादी दे. लोखंडावर लोखंड कधी ठेवू नकोस. गादी नसली तर इंजिन थरथरून बोल्ट तोडील आणि पाये उखडील. गादी चांगली जाड असू दे.

म्हस्कूला माझा रामराम सांग. तुझ्या रागावर आणि मायेवर हक्क सांगणारा,
राधाकिसन


केदारखेडा
फाल्गुन शुद्ध १२, शके १८६७

राजमान्य राजश्री राधाकिसन पाव्हणे यांसी रामरावाचा रामराम. वि. वि. आपली भेट कैलासवासी बंधू पुंजाराम यांच्या दिवसांनंतर झाली नाही, म्हणून लिहिणे भाग पडले.

आपण धाडलेले इंजिन जालन्याहून बैलगाडीवर भोकरदनला पोचले. तेव्हापासून आमच्या घराण्याची शोभा अंगणात मांडलेली आहे. लोहार, डायव्हर, बघे, आणि त्यांच्या मधोमध आपली बहीण हातात सुतळी घेऊन. काल मी गेलो तर वहिनीने मला बसा म्हणण्याऐवजी सुतळीचे दुसरे टोक धरायला सांगितले. मी धरले नाही.

पाव्हणे, मी त्यांचा वैरी नाही. पुंजाराम गेल्यापासून कोणत्याही लारीचा आवाज आला की मी उठून ओसरीवर येतो, आणि मग आठवते. ती लारी पुन्हा चालू झालेली मला ऐकवणार नाही. शिवाय बाईमाणसाच्या नावाने मोटारीचा परवाना निघाल्याचे आजवर ऐकिवात नाही. कचेरीतला कारकून माझ्या ओळखीचा आहे. कितीही खटाटोप केला तरी शेवटी नाव माझेच लागणार. आपण दोन शब्द समजुतीचे लिहावेत.

आपला स्नेह असावा, आणि बहिणीवर थोडा वचकही असावा, ही विनंती.
रामराव


भोकरदन
चैत्र शुद्ध ५, शके १८६८

चिरंजीव राधाकिसन यास आशीर्वाद, पण आज हात आखडून. वि. वि. कारण फुडं कळंलच.

आधी चांगलं सांगते. इंजिन उचलायला कप्पी होती, पण ते धरून हळूहळू सोडायचं कसं? म्हस्कू म्हणला, दहा गडी लागतील. मी आपल्या मोटेचे बैल आणवले. चिंचेच्या फांदीला कप्पी बांधली, मोटेच्या जाड सोलाचं एक टोक इंजिनाला, दुसरं बैलांना. मोटेचे बैल मागं सरायला शिकलेले, जल्दी करत न्हाईत. मी हो म्हणलं की थांबायचे, चुचकारलं की एक पाऊल मागं. इंजिन बोट-बोट खाली आलं आणि बराबर जागेवर. सुतळी सरळ, भोकं सरळ. कचरूनं तीन पाये आसे केले की बघणाऱ्यानं बघत राहावं.

मंग तुझी गादी. तू लिहिलं जाड आसू दे. मी पहिल्या वेचणीचा कापूस घेतला, सरकी काढलेला. जुन्या जाजमाचं कापड, चारी बाजूंनी दुहेरी टाके, मधी गाठी. तीन गाद्या सोता शिवल्या. म्हस्कू म्हणला, मालकीणबाई, इंजिनाचं नशीब, आमच्या नशिबी गोणपाट. मी म्हणलं, नगरचा फिटर लिहितो ते उगं लिहितो का?

इंजिन पहिल्या हिसक्याला चालू झालं. आवाज इतका मऊ, मला रडूच आलं. आम्ही जालन्याच्या वाटंला लागलो. केदारखेड्यापर्यंत आलो आणि खालून धूर. कापसानं तेल पिलं, तापला, आन् पेटला. म्हस्कू वाळू टाकीस्तोवर गाद्या दबून पापड झालेल्या. दोन बोल्ट तुटले, इंजिन एका अंगावर कललं, पंखा जाऊन पाण्याच्या टाकीत घुसला.

आणि हे कुठं? रामरावभाऊजींच्या घरासमोर! त्यांच्याच बैलांनी लारी भोकरदनला ओढून आणली. ते संगं पायी चालत आले, सबंध वाटंत एक शबुद बोलले न्हाईत. बोलले आसते तर मी भांडले तरी आसते.

तू गादी लिहिलंस, मी गादी दिली. माझं काय चुकलं, ते उलट टपालानं सांग.

लोभ किती ठेवायचा ते उत्तर आल्यावर ठरवीन.
आक्का


अहमदनगर
ता. १६ एप्रिल १९४६

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी, आज खरोखर पाय धरून, राधाकिसनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारचे फिटर गोळा झाले. त्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आलं नाही. तुझं काही चुकलं नाही. आमच्या मोटारखान्यात गादी म्हणजे रबराचा तुकडा. आठ वर्षं इथं राहून मी विसरूनच गेलो की आपल्या घरी गादीवर माणसं निजतात. तू कापसाच्या मुलखात बसून दुसरं काय करणार? चूक माझी, बोल्ट तुझे तुटले.

आता असं कर. जुन्या टायरचे तळहाताएवढे तुकडे काप, आत धाग्यांची वीण असलेले. पायाखाली दोन ठेव, आणि वरूनही एक, म्हणजे बोल्टचं डोकंसुद्धा लोखंडाला लागणार नाही. एक दिवस इंजिन चालवून बोल्ट पुन्हा आवळ. पाण्याची टाकी जालन्याच्या तांबटाकडून डाग देऊन घे.

पण आक्का, खरं सांगू? महिनाच उरलाय. टाकी, पाये, सगळं पुन्हा. रामरावांचं पत्र मला आलं होतं. ते म्हणतात तसं शेवटी नाव त्यांचंच लागलं तर तुझ्या जिवाला फार लागेल. नगरला माझ्या खोलीत जागा आहे. निघून ये. हरलीस असं कोणी म्हणणार नाही.

ओरडशील ते ओरड, पण प्रेम कमी करू नकोस.
राधाकिसन


भोकरदन
वैशाख शुद्ध ३, शके १८६८

चिरंजीव राधाकिसन यास आशीर्वाद. वि. वि. नगरला ये म्हणून पुन्हा लिहिलंस तर पाकीट न फोडता चुलीत घालीन. कोणी म्हणणार न्हाई म्हणे! मी सोता म्हणीन ना रोज सकाळी उठून.

टायर कापता कापता कचरूच्या दोन रापी बोथट झाल्या. खाली दोन, वर एक, तू सांगितलं तसं. टाकीला डाग दिला. काल दिवसभर इंजिन चालवलं आणि बोल्ट आवळले. चालू इंजिनाच्या झाकणावर पाण्याचा भरलेला पेला ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं न्हाई. म्हस्कूनं तेच पाणी पिऊन टाकलं.

नाव कोणाचं लागतं ते मी बघते.
घाईत, तरी मायेत कमी न्हाई, आक्का


भोकरदन
वैशाख वद्य १, शके १८६८

चिरंजीव राधाकिसन यास आक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. काल पुनव होती. सगळं बैजवार लिहिते, हात दुखून राह्यला तरी.

आम्ही दहाला कचेरीच्या दारात. साहेबानं लारी खालून वरून पाहिली, पायांजवळ हात घातला, रबर दाबलं, कोणी बसवलं म्हणून विचारलं. मी म्हणलं, मी आणि कचरू लोहारानं. लारी पास झाली. मंग आत गेले तर भाऊजी पांढरं पागोटं घालून बसलेले, आणि कारकून कागदावर त्यांचं नाव लिहून मोकळा. साहेब म्हणले, बाईच्या नावाचा रिवाज न्हाई, दीर घरचाच तर हाय.

मी तशीच उठले. बाहेर आले. लारी फाटकात आडवी उभी, इंजिन चालूच. म्हस्कूला सांगितलं, बंद करू नको. घटकाभरानं साहेबाची मोटार बाहेर काढायची येळ झाली. चपराशी म्हस्कूवर आला, डायव्हरीचा बिल्ला काढून घेईन म्हणला. म्हस्कूला पोरंबाळं हायेत. मी त्याला खाली उतरवलं आणि त्याच्या जागेवर मी बसले, पायाखाली पेट्रोलची पट्टी दाबून. चपराशी ओरडला, बाई, लारी काढा. मी म्हणलं, मला चालवता येत न्हाई. मंग बंद करा. मी म्हणलं, ते बी शिकले न्हाई, मला फकत चालू ठेवता येतं. परक्या बाईच्या अंगाला हात लावून खाली ओढायची कोणाची छाती झाली न्हाई.

किसन, बारापासून चारपर्यंत! वैशाखाचं ऊन. टाकीतलं पाणी खदखदायला लागलं तवा बाजारातल्या बाया घागरी घेऊन आल्या, न सांगता, आणि म्हस्कूनं ओतलं. माझं सगळं ध्यान पायाखाली. एक बोल्ट तुटला, एक पाया सरकला, की हसं व्हायचं आणि संपलं. भ्याले होते, तुला खोटं कशाला सांगू? पण इंजिन हललं न्हाई.

चार वाजता भाऊजी बाहेर आले. लारीजवळ उभे राह्यले, झाकणावर हात ठेवला आणि किती तरी येळ तसाच ठेवला. मंग आत जाऊन साहेबाला म्हणले की त्या कागदावर ते सही करणार न्हाईत. कशानं पाघळले देव जाणे, चारचौघांतल्या लाजेनं म्हण की भावाच्या आठवणीनं. मी उपकार मानले न्हाईत.

साहेबानं कपाळाचा घाम पुसला आणि कारकुनाला नवा कागद घेऊन फाटकातच धाडलं, कारण मी उतरत नव्हते. त्यानं सरकारी रिवाजानं उर्दूत लिहिलं. मला उर्दू येत न्हाई, म्हणून मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं, झुंबरबाई बेवा पुंजाराम. मी म्हणलं, बेवा झाले ते मला ठाऊक हाय, फुडं लिहा. त्यानं विचारलं, फुडं काय? मी म्हणलं, ही लारी कोणाची ते. त्यानं टाक वर उचलला. छापील कागदावर मालिक हाय, बाईसाठी कोणता शबुद लिहावा ते साहेबाला विचारून येतो म्हणला.

मी म्हणलं, साहेबाला कशाला तरास? माझ्या मालकासाठी जो लिहिला होता तोच लिहा.

त्यानं लिहिला. मी तीनदा वाचून घेतला, आणि मंग म्हस्कूला हाक मारून इंजिन बंद करायला लावलं.

कळावे. माया आहे तितकीच ठेव, ती पुष्कळ हाय.
आक्का