फौजदारला नायगावला धाडू नको

बुद्धप्रियाताई, जयभीम.

मी साडेसहाच्या एसटीनं लातूरला पेपर द्यायला चाललो. तू झोपली होतीस म्हणून ही चिठ्ठी. तू फोन केलास म्हणून नायगावचे मामा चार वाजता फौजदारला न्यायला येतील. त्यांना चहा पाज अन् रिकाम्या हातानं परत पाठव.

कुत्रं लई भुंकतं, घरात बोलू देत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. कोणाचाही आवाज चढला की तो मधी उभा राहतो अन् आवाज उतरेपर्यंत भुंकतो. पण काल संध्याकाळचं आठव. तुझ्या पुण्याच्या नोकरीवरून पप्पा ओरडले, फौजदार भुंकला. तू ओरडलीस, तो पुन्हा भुंकला. शेवटी तुम्ही दोघं चटईवर गुडघ्याला गुडघा लावून कुजबुजत भांडलात. आई मला म्हणे, "हे बापलेक भांडून राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

कुजबुजताना समोरच्याचं ऐकावं लागतं. पप्पांना हा अनुभव नवीन होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा तुझं एक वाक्य शेवटपर्यंत गेलं.

आत्ता मी बूट घालत होतो तर पप्पा आले. फौजदारकडं बघत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पुण्यात पोरींचं होस्टेल किती वाजता बंद होतं रे?"

फौजदारची भाकर दुधात कुस्करून ठेवली आहे. अन् तू पुण्याला गेल्यावरही त्याला हलवू देऊ नको. माझा निकाल लागायचा आहे.

आदर्श