नमुना म्हणजे खाणं नाई

२ ऑगस्ट, शनिवार
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पिकला म्हणे. ऑपरेशन दसरा झाल्यावर, ४ ऑक्टोबरले, पण शुगर खाली आली तरच. आज उपाशीपोटी दोनशे चाळीस निघाली. डॉक्टरले सांगतलं, मशीन जुनी दिसते. त्यानं आकडा कागदावर लिहिला.

जिनिंग फॅक्टरीच्या शेठचा निरोप आहेच, की दिवाळीनंतर जिनिंग चालू होईल, सुधाकरराव, डोळा करून या, ग्रेडरची खुर्ची तुमचीच, नाई तर मले दुसरा पाहावा लागन. अडतीस वर्षं कापूस पारखला मी. मुठीत धरला की ओल सांगतो, चिमटीत ओढला की धाग्याची लांबी सांगतो. पांढरा कोणता अन् पिवळी पडलेली किडकी कवडी कोणती, हे तर दहा हातांवरून. मागच्या सीझनले एक गाडी कवडी पांढऱ्या ढिगात गेली, ती ट्यूबलाईटमुळे.

संकल्प: आजपासून गोड बंद. बायकोनं, आमच्या जयवंताबाईनं, नुसत्या शब्दावर सोडलं नाई. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायले लावली. घेतली. आपला शब्द म्हणजे शब्द.

५ ऑगस्ट
रोज चालायचं आहे. संध्याकाळी चाललो. रस्त्यात नवीन दुकान: रुपाज् स्नो कॉर्नर. आईस्क्रीम अन् स्मूदी. बोर्डावर अठ्ठावीस फ्लेवर. फक्त बोर्ड वाचला. वाचल्यानं शुगर वाढत नाई.

६ ऑगस्ट
पुन्हा बोर्डच वाचला. अक्षरं बारीक, म्हणून जवळ जावं लागलं. मालकीण रुपा, मुधोळकडची पोरगी, पस्तिशीची असन. एका गिऱ्हाईकाशी तेलुगू, दुसऱ्याशी उर्दू, माझ्याशी मराठी. काका, चाखून तर पाहा म्हणे, अन् चमचा पुढं केला. मी नाई म्हणालो. दोनदा म्हणालो.

रात्री विचार केला. बाजारात कापसाची गाडी आली की ग्रेडर मूठभर कापूस काढते, पाहते, टाकून देते. त्याले कोणी म्हणते काय, की यानं कापूस घेतला? नमुना घेतला म्हणतात. चमचाभर आईस्क्रीम म्हणजे नमुना. शपथ गोड न खायची होती. न चाखायची नव्हती.

७ ऑगस्ट
कामाले सुरुवात. आमच्या पोरानं, करणनं, मांगं हैदराबादवरून फोनवर सांगतलं होतं, की आजकाल लोक दुकानाले स्टार देतात, रिव्ह्यू लिहितात, त्यावर दुकान चालते नाई तर बसते. मंग या पोरीचं दुकान वाचवणं आपलंच काम. आदिलाबादेत माझ्यासारखी पारख दुसऱ्या कोणाले आहे?

फोन करणनंच घेऊन दिला, आईच्या नावानं, तिच्या महिला गटाच्या मीटिंगीसाठी. ती गटाचे मेसेज पाहते अन् ठेवून देते. बाकी फोन माझ्याच हातात. अक्षरं दिसत नाईत, पण बोललं की फोन आपोआप टाईप करते. नाव आपोआप येते म्हणे.

पहिला रिव्ह्यू. सीताफळ. धागा लांब, ओल थोडी जास्त, बिया बरोबर काढल्या, कचरा शून्य. चार स्टार.

रुपाले माझं नाव सांगतलं नाई. खरा ग्रेडर आपून होऊन नाव सांगत नाई, लोक विचारत येतात.

११ ऑगस्ट
रुपाचं उत्तर आलं. फोनले वाचून दाखवायले लावलं: थँक यू मॅडम.
बिचारीचं इंग्रजी कच्चं आहे. माफ केलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाले गेलो. परतीत ब्लॅक करंट. शाईच्या दौतीत बोट घातल्यावानी. तीन स्टार. देशाच्या दिवशी विदेशी फळ कायले, हेही लिहिलं. तोंडाची चव सुधारायले गुलकंद घ्यावं लागलं. गुलकंद थंड असते, डोळ्याले चांगलं.

टीप: एका चमच्यानं न्याय होत नाई. ढिगात वरचा कापूस वाळलेला असते, खाली ओला. ग्रेडरनं खालूनही नमुना काढावा लागते. आजपासून पूर्ण कप.

२२ ऑगस्ट, पोळा
घरी पुरणपोळी. व्याही आले होते. जयवंताबाईनं माझ्या पानात भाकर अन् कारलं वाढलं. व्याही म्हणे, सणाची एक पोळी घ्या. मी हात आडवा धरला. म्हणालो, शब्द दिला आहे. व्याही थक्क. जयवंताबाईचे डोळे भरून आले. पदरानं पुसले तिनं. म्हणे, तुमी इतकं मनावर घेसान असं वाटलं नव्हतं.
लय बरं वाटलं. शिवाय पोटात जागा नव्हती. बैल पाहायले गेलो तवा अंजीर अन् बटरस्कॉच झालं होतं.

२५ ऑगस्ट
व्हॅनिलावर कडक रिव्ह्यू. रंग स्वच्छ पांढरा, पण चवीले अननस मारते. भेसळ. दोन स्टार.
संध्याकाळी उत्तर: मॅडम, ते अननसच आहे, पिवळं आहे.
डब्यावर चिठ्ठी नीट लावत नाई अन् आपल्याले शिकवते. दुकानातली ट्यूबलाईटही खराब दिसते.

३० ऑगस्ट
आजपासून स्मूदी विभाग. स्मूदी म्हणजे फळ. फळ डॉक्टरनंच सांगतलं होतं. पेरू सांगतला होता, पण फळ ते फळ. केळी-खजूर: घट्ट, कापसाच्या दाबलेल्या गाठीवानी, स्ट्रॉ उभी राह्यते. पाच स्टार. पपई-मध: औषधी. चार. सूचना लिहिली, की आपल्या उटनूरकडच्या मोहाफुलाचा फ्लेवर काढा.

उतरताना दुकानाच्या पायरीवर पाय अडकला. गुडघा खरचटला. पायरी वाकडी बांधली आहे. रिव्ह्यूत टाकलं: गवंड्याले पकडा. एक स्टार कापला.

६ सप्टेंबर
नवल आहे. काल अंजिराबद्दल पुन्हा लिहिलं. आज जयवंताबाई चहा देता देता विचारते, अंजिरानं पोट साफ राह्यते काय हो? परवा पपई-मधाचं लिहिलं, तर काल घरात पपई. इतकी वर्षं संसार केला की मनं जुळतात, ते हे.
सकाळी भिजवलेली मेथी. दुपारी कारलं. संध्याकाळी कारल्याचं पाणी. काऊन एवढं, विचारलं. म्हणे, तुमाले सांगायचं काई आहे काय? मी म्हणालो, काई नाई. तिनं कारल्याच्या पाण्याचा दुसरा पेला भरला. बायको जीव लावते, अजून काय पाहिजे.

१२ सप्टेंबर
जिनिंगच्या वजनकाट्यावरचा फकिरा भेटला. शेठ रोज विचारते म्हणे, सुधाकररावचा डोळा कधी होते. मी सांगतलं, ४ तारखेले. फकिरा म्हणे, दादा, शुगर? मी म्हणालो, कंट्रोल. तेवढ्यात एक बाई जवळून गेली, तिनं नमस्कार केला, मीही वहिनी म्हणून केला. फकिरा म्हणे, ती तुमची सून होती ना, माहेरी आलेली? ऊन होतं.

गटाच्या बाया घरी आल्या तवा मले पाहून तोंडाले पदर लावून हसत होत्या. प्रसिद्धी अशी हळूहळूच पसरते.

२० सप्टेंबर, शनिवार
मोठी बातमी! रुपानं दुकानात सर्वांपुढं सांगतलं: बतुकम्माच्या फुलांच्या सणात, २७ तारखेले, आमच्या नंबर एक रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा सत्कार. एकोणचाळीस रिव्ह्यू! त्याईच्यामुळं दुकान ओळखीचं झालं म्हणे. मी कोपऱ्यात जांभूळ खात होतो. मान खाली घातली. इतकं झालं तरी सांगतलं नाई की तो मीच. २७ लेच पाहू दे तिले.

२४ सप्टेंबर
भाषण तयार. सुरुवात: बंधू-भगिनींनो, जीभ आणि कापूस, दोन्ही खोटं बोलत नाईत. सफारीले इस्त्री. जयवंताबाईले नुसतं म्हणालो, शनिवारी रुपाच्या दुकानात चालशील? ती म्हणे, मी जाणारच आहे. तिनंही ठेवणीतलं हिरवं पातळ काढलं. नवऱ्याचा सत्कार, तिले कसं माहीत झालं काय मालूम.
निर्धार: सत्कार झाला की रिव्ह्यू बंद. मंग सात दिवस कडक पथ्य. सात दिवसांत शुगर सरळ खाली येते.

२७ सप्टेंबर, रात्री ८
लिहावं वाटत नाई. पण लिहितो.

दुकानापुढं मांडव. मधोमध झेंडूची, तंगेडूच्या पिवळ्या फुलांची रचलेली बतुकम्मा देवी. पन्नासेक बाया. रुपानं माईक घेतला. म्हणे, ज्याईनं आपल्या दुकानाले नाव मिळवून दिलं, त्याईले मी अजून पाह्यलंही नाई. मी उठलो. दोन पावलं पुढं गेलो. रुपा म्हणे, जयवंता मॅडम!

उठलोच होतो, म्हणून खुर्ची उचलली अन् जयवंताबाईसाठी सरकवली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. त्या तिच्यासाठी होत्या.

शाल, नारळ, एक कप केशर-पिस्ता. रुपानं दोन शब्द बोला म्हटलं. आमची बाई जन्मात माईकवर बोलली नाई. ती शांतपणे म्हणे, की मी या दुकानात आज पयल्यांदा पाय ठेवला. फोन माझ्या नावानं आहे, म्हणून नाव माझं आलं. खाल्लं सारं आमच्या घरच्या माणसानं. तो पाहा, खुर्ची धरून उभा आहे. त्याईले शुगर आहे, डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. डोकं अजून जागेवर आहे ही बतुकम्माची कृपा. आजपासून त्याईले चमचासुद्धा देऊ नका.

बाया इतक्या हसल्या की एकीनं खांब धरला. रुपा हसली नाई. तिनं तोंडावर हात ठेवला. मंग माझ्याकडं आली अन् म्हणे, काका, मले माहीत असतं तर दिलं नसतं हो. तिच्या डोळ्यात पाणी होतं.

मी म्हणालो, नमुना होता. कोणाले ऐकू गेलं नाई.

२८ सप्टेंबर
दुपारी जयवंताबाई बोलली. गटातल्या बायाईनं तिले तीन आठवड्यांआधी दाखवलं होतं. म्हणे, मी रोज वाट पाह्यली, आज सांगसान, उद्या सांगसान. पोळ्याले व्याह्यांपुढं माझे डोळे भरून आले होते, त्याची आता लाज वाटते. म्हणे, मले तुमची नोकरी नको, शाल नको. मले भेव वाटते. उद्या तुमाले काई दिसलं नाई तर मी काय करू?
मी म्हणालो, सहा दिवस आहेत अजून. ती उठून गेली.

४ ऑक्टोबर
उपाशीपोटी तीनशे दहा. या खेपेले मशीनबद्दल बोललो नाई. मशीन नवीन होती.
ऑपरेशन तीन महिने पुढं.

७ ऑक्टोबर
फकिरा घरी आला. एरवी दारातूनच बोलून जाते; आज चपला काढल्या तवाच कळलं. शेठनं दुसरा ग्रेडर ठेवला, तलमडुगु गावचा. पोरगं चांगलं आहे, म्हणे, दादा, तुमच्याच हाताखाली शिकलेलं. हो, शिकलेलं आहे. मीच त्याले पांढरा अन् कवडी ओळखायले शिकवलं. फकिराले चहा दिला, साखरेचा. माझा बिनसाखरेचा. तो खाली पाहून प्यायला.

११ ऑक्टोबर, शनिवार
रुपानं आमच्या बाईले बोलावलं. दर शनिवारी नवीन फ्लेवर चाखायले. जयवंताबाई एक चमचा घेते अन् एका शब्दात सांगते. आज म्हणे, गोड जास्त. रुपानं साखर कमी केली. अडतीस वर्षांत माझं कोणी इतक्या लवकर ऐकलं नाई.

मी बाहेर बाकावर, तिची पिशवी धरून. आत जायची मनाई आहे, अन् रुपा पाळते.

निघताना जयवंताबाई चमचा घेऊन दारात आली. लांबूनच दाखवला. म्हणे, खायचा नाई, पाहून सांगा कोणता. दहा हातही नव्हते. मी नीट पाह्यलं. म्हणालो, पांढरा. व्हॅनिला.
आंबा होता.
मले वाटलं, आता हसन. हसली नाई. चमचा आत ठेवून आली, पिशवी घेतली, पायरीपाशी माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाई. हळूहळू पाय टाकत उतरलो.

पायरी बरोबर बांधली आहे.