वाटणीत न आलेला वाचक

प्रिय आई,

पाकिटावर छापील अक्षरांत लिहिलंय तसंच कर. हे पत्र शेजारच्या काकूंकडून वाचून घेऊ नकोस. मोबाइल समोर धर आणि त्यातल्या ‘वाचका’लाच वाचू दे. फोन करायचा सोडून हा उपद्व्याप कशाला, असं तू म्हणणारच. कारण शेवटी सांगते.

आमच्या कंपनीच्या वाटण्या अखेर झाल्या. मोबाइल हिचेच, शोध आणि नकाशे हिचेच, वर जाहिरातींची कमाईही हिचीच, हे कोर्टाला पटलं नाही. तीन तुकडे केले. मला त्यात गैर वाटत नाही. आमच्या मोबाइलवर दुसऱ्या कुणाचा नकाशा टिकूच द्यायचा नाही, हा खेळ आम्ही वर्षानुवर्षं खेळलो. आता नकाशेवाले कधी नव्हे ते गिऱ्हाइकाशी गोड बोलायला लागलेत. पण एकत्र घर मोडलं की भांडीकुंडी पटापट वाटली जातात, आणि म्हाताऱ्या आत्याला कुणी ठेवायचं म्हटलं की सगळे खाली बघतात. आमची आत्या म्हणजे हा वाचक, तुझ्यासारख्या न दिसणाऱ्यांना समोरचं मोठ्याने वाचून दाखवणारा. कॅमेरा मोबाइलवाल्यांचा, अक्षरं ओळखणं शोधवाल्यांचं, खर्च जाहिरातवाल्यांचा आणि स्वतःची कमाई शून्य.

तुझा तो मिठाचा चहा आठवतो ना? त्या दुपारी आम्ही तिन्ही तुकडे वेगळे करून बघत होतो. छापील मजकूर वाचकाला आपला आपण वाचता येतो. हाताने लिहिलेलं मात्र तो शोधवाल्यांच्या यंत्रांना विचारून वाचायचा, आणि हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात नव्हतं. आम्ही इथे जोड तोडला आणि तिथे तू साखरेच्या डब्यावरची तुझीच जुनी चिठ्ठी त्याच्यापुढे धरून बसलीस; त्याला ती वाचता येईना, म्हणून अंदाजाने शेजारचा डबा उघडलास. फोनवर मला जे ऐकवलंस ते मी ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं. कुणी हसलं नाही.

धाकट्याला मात्र बरंच वाटलं. वाचक बंद पडला की आई आपणहून माझ्याकडे येईल, म्हणाला, आणि लगेच मुलांची खोली रिकामी करून रंगवून घेतली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. तू एकटी जिना उतरतेस तेव्हा इथे बसून माझा जीव खालीवर होतो. पण तू त्याला म्हणालीस की डबे ओळखता येत नाहीत म्हणून यायचं असेल तर मी पाहुणी नाही, सामान म्हणून येईन. ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

मोबाइलवाल्यांनी मला बढती देऊ केली होती. मी नको म्हटलं. आम्ही काही जणांनी वाचक मागून घेतला. कुणी भांडलंही नाही, उलट सुटल्यासारखे हसले. आता टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसतो. रबराचा वास कपड्यांतून जात नाही. कुणालाही न विचारता, मोबाइलमधल्या मोबाइलमध्ये हाताचं अक्षर वाचायला त्याला शिकवतोय. सगळ्यांनी घरून जुन्या वह्या, चिठ्ठ्या आणल्या. मी माझं अक्षर मुद्दाम दाखवलं नाही.

मागच्या खेपेला येऊन तुझ्या मोबाइलची खुडबुड केली, ती यासाठी. त्यात आता नवा वाचक आहे, आणि हे पत्र मी हाताने लिहिलंय. ज्याला तू जन्मभर कोंबडीचे पाय म्हणालीस, ज्यासाठी पानंच्या पानं परत लिहायला लावलीस, तेच हे अक्षर. हे ज्याला वाचता आलं त्याला कुणाचंही येईल. तेव्हा इथपर्यंत ऐकू आलं असेल तर आधी मला फोन कर, कुठे कुठे अडखळला ते सांग, आणि मग खुशाल माझ्या अक्षराला नावं ठेव. मी धाकट्याला कळवते की खोली मुलांना परत दे. मोबाइल हातात घेऊनच बसले आहे.

तुझीच,
कोंबडी